हलगी, घुमके आणि कैताळ: स्टाफवरील लेखन व प्लेबॅक यांच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

आज कामाला सुरुवात केली. कोल्हापुरातील एका शाळेचे लेझीम पथक आणि त्याच शाळेचा बँड यांनी एकत्र वाजवावी अशी सुमारे चार मिनिटांची रचना लिहून द्यायची आहे. दोन ट्रंपेट, दोन क्लॅरिनेट, एक साइड ड्रम आणि त्यांच्या जोडीला दोन हलग्या, एक घुमके (ढोलासारखे घुमणारे चर्मवाद्य), एक कैताळ (झांजेसारखे वाद्य) व लेझीम असा एकूण ताफा असेल. बँडमधील मुले स्टाफ नोटेशन, म्हणजे रेघांवर (स्टाफवर) नोटा मांडण्याची पाश्चात्त्य लिपी वाचतात. हलगी वाजवणाऱ्या मंडळींनी आजवर कागद समोर ठेवून काही वाजवलेले नाही आणि त्यांना त्याची गरजही पडलेली नाही. लेखनाची गरज बँडला आहे, कारण हलगीचा कोणता घाव कोणत्या मात्रेवर पडणार हे ठाऊक नसेल, तर ट्रंपेटवाल्या मुलाला श्वास कोठे घ्यावा हेच ठरवता येत नाही. शिवाय ही मुले दोन-तीन वर्षांत शाळा सोडून जातील आणि मागून येणाऱ्यांच्या हाती काहीतरी राहायला हवे.

काम म्यूझस्कोर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये करायचे ठरवले. ते मोफत असून शाळेच्या संगणकांवर चालते आणि त्यात तालवाद्याचा तक्ता आपल्या गरजेप्रमाणे मांडता येतो. अडचण आवाजांची आहे. संगणकावरील वाद्यांसाठी १९९१ मध्ये ठरलेल्या जनरल मिडी या प्रमाणाच्या नकाशात ३५ ते ८१ या क्रमांकांवर ४७ तालवाद्यांचे आवाज नेमलेले आहेत. त्यांत बोंगो, कोंगा, टिंबाले, गुइरो आणि कुईका आहेत. हलगी नाही, ढोलकी नाही, तबलाही नाही. त्यामुळे लेखनाची पद्धत ठरवणे, आवाज ध्वनिमुद्रित करणे आणि या दोहोंची सांधणी करणे अशी तीन कामे वेगवेगळी करावी लागतील.

११ जानेवारी

करवीर तालुक्यातील हलगीवाल्या मामांच्या गावी गेलो. गुऱ्हाळाचा हंगाम असल्याने मामा दिवसभर गुऱ्हाळावरच असतात आणि हलगीही तेथेच खुंटीला टांगलेली असते. चुलवाणाच्या धगीपुढे हलगी फिरवून चामडे ताणले की ते बोटाने टिचकी मारून पाहतात आणि मगच टिपरू हातात घेतात. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये उभारलेल्या खासबाग मैदानात त्यांनी अनेक वर्षे कुस्त्यांना हलगी वाजवली आहे, त्यामुळे हलगीची लय कोठे चढवायची याविषयी त्यांच्याइतके खात्रीने सांगू शकणारा माणूस मला दुसरा भेटलेला नाही.

मी वहीत रकाने आखून गेलो होतो आणि हलगीतून वेगवेगळे आवाज किती निघतात, असे मामांना विचारले. त्यांना तो प्रश्नच पटला नाही. “आवाज कसला मोजताय सर, हात बघा की,” ते म्हणाले आणि त्यांनी सावकाश वाजवून दाखवले. उजव्या हातात जाड, आखूड टिपरू असते. डाव्या हाताने हलगी छातीशी धरलेली असते आणि त्याच हाताच्या बोटांत लांब, बारीक काडी असते. टिपरू मध्यावर मोकळे पडले तर ‘ढँग’, कडेजवळ पडले तर ‘चट’, डाव्या हाताची बोटे चामड्यावर टेकवून मारले तर ‘थप’, काडीचा एकच फटका ‘टिक’ आणि काडीचा सलग तडतडाट ‘टर्र’. ही अक्षरे मामांचीच आहेत. दुसरा वादक कदाचित दुसरी अक्षरे वापरील. माझ्या वहीत मी आवाजांचे रकाने आखले होते. परत येताना ते खोडले आणि त्यांच्या जागी ‘उजवा’ आणि ‘डावा’ असे दोनच रकाने केले.

१४ जानेवारी

स्टाफची मांडणी करण्यात पूर्ण दिवस गेला. त्यात तीन प्रयत्न झाले.

पहिल्या प्रयत्नात ड्रमसेटचा नेहमीचा पाच रेघांचा स्टाफ घेऊन पाच घाव पाच जागांवर ठेवले. दिसायला ते नीटनेटके होते. परंतु साइड ड्रम वाजवणाऱ्या मुलाला दाखवले तेव्हा त्याने ती पाच वाद्ये समजून वाचली, आणि क्लॅरिनेटवाल्या मुलीने तर वरची नोट उंच व खालची खोल असा अर्थ घेतला. तिची यात काही चूक नव्हती. पाच रेघा दिसल्या की वाचणारा उंचीच शोधतो, त्याला तशीच सवय लावलेली असते.

दुसऱ्या प्रयत्नात एकच रेघ ठेवली आणि दोन हात दोन ‘व्हॉइस’मध्ये, म्हणजे एकाच स्टाफवरच्या दोन स्वतंत्र ओळींत लिहिले, उजव्याच्या नोटांच्या दांड्या वर, डाव्याच्या खाली. तत्त्व म्हणून हे योग्य होते. प्रत्यक्षात मात्र प्रत्येक व्हॉइसला आपापले विराम लागतात, आणि हलगीत दोन्ही हात आलटून पालटून चालत असल्याने एका हाताच्या प्रत्येक घावाखाली दुसऱ्या हाताचा विराम येऊन बसला. एका बारमध्ये (मात्रांच्या एका आवर्तनात) घाव बारा आणि विराम नऊ अशी दाटी झाली. दुसऱ्या व्हॉइसमधील विराम लपवता येतात, परंतु लपवलेल्या विरामांमुळे पुढे कोणी दुरुस्ती करायला बसले तर त्याला मात्रा कोठे गेल्या ते उमजत नाही. विद्यार्थ्यांच्या हाती द्यायच्या फाइलमध्ये ते नको वाटले.

तिसऱ्या प्रयत्नात दोन रेघांचा स्टाफ घेतला. वरची रेघ काडीची, खालची रेघ टिपरूची. व्हॉइस एकच आणि सगळ्या दांड्या वर. दोन्ही हात एकदम पडले तर दोन डोकी एका दांडीला लागतात आणि विराम एकदाच मोजले जातात. टिपरूचे तीन घाव नोटेच्या डोक्याच्या आकारावरून ओळखायचे: मोकळ्या ‘ढँग’ला साधे गोल डोके, कडेच्या ‘चट’ला फुली आणि दाबलेल्या ‘थप’ला चौकट. काडीच्या एका फटक्याला गोल डोके आणि तडतडाटाला त्रिकोण. दोन रेघांमधील अंतर नेहमीपेक्षा वाढवले, कारण उभ्याने वाजवताना कागद हाताच्या अंतरापेक्षा दूर असतो आणि जवळच्या रेघा एकमेकींत मिसळून दिसतात.

तडतडाटासाठी त्रिकोण घेतल्याबद्दल मन थोडे साशंक आहे. पाश्चात्त्य पद्धतीत अशा सलग वादनासाठी दांडीवर तिरक्या रेघा मारतात आणि साइड ड्रमच्या ओळीत मी त्याच ठेवल्या आहेत. परंतु तिरक्या रेघा दिल्या की सॉफ्टवेअर तो एकच ‘टिक’ समान अंतराने पुन्हा पुन्हा वाजवते. मिनिटाला ११२ मात्रांच्या लयीत तीन रेघांच्या चिन्हाने एका मात्रेत आठ फटके, म्हणजे सुमारे ६७ मिलिसेकंदांना एक असा हिशोब होतो. काडीचा तडतडाट असा मोजून होत नाही. चामड्यावर काडी स्वतःच उसळत राहते आणि हात तिला फक्त दाबात ठेवतो.

घुमके, कैताळ आणि लेझीम यांना एकेक रेघ पुरेशी आहे. तेथे विशेष विचार करावा लागला नाही.

१६ जानेवारी

म्यूझस्कोरमधील ड्रमसेटचा, म्हणजे तालवाद्याचा तक्ता भरला. या तक्त्याचे कार्य नीट समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच जुळत नाही, म्हणून येथे सविस्तर लिहून ठेवतो. तक्त्यातील प्रत्येक ओळ म्हणजे एक मिडी क्रमांक. त्या क्रमांकासमोर घावाचे नाव, डोक्याचा आकार, स्टाफवरील जागा, दांडीची दिशा, व्हॉइस आणि टंकनासाठी एक अक्षर अशा गोष्टी नेमायच्या असतात. जागा वरच्या रेघेपासून मोजली जाते: वरची रेघ शून्य, तिच्याखालची मोकळी जागा एक, दुसरी रेघ दोन, आणि स्टाफच्या वर जायचे असेल तर उणे अंक. कागदावर काय दिसेल ते या तक्त्यात ठरते; काय ऐकू येईल ते ध्वनींच्या फाइलमध्ये ठरते. या दोहोंमधील दुवा म्हणजे फक्त तो क्रमांक. कागदाला आवाज माहीत नसतो आणि आवाजाला डोक्याचा आकार माहीत नसतो.

यातून एक बंधन येते. एका क्रमांकाला एकच रूप मिळते. तोच आवाज कागदावर दोन रूपांत दाखवायचा असेल, तर दोन क्रमांक खर्चावे लागतात.

क्रमांक कोणतेही निवडता येतात, आणि पहिल्यांदा मी ते मनाला येईल तसे लावलेही होते. नंतर लक्षात आले की ही फाइल एखाद्या मुलाने घरच्या संगणकावर उघडली आणि तेथे आमचा ध्वनिसंच नसला, तर जनरल मिडीचे मूळ आवाज वाजतील. हलगीच्या जागी शिटी किंवा घंटा वाजली तर मुलाचा सरावच बिघडेल. म्हणून प्रत्येक घावाला स्वभावाने जवळचा क्रमांक दिला. मोकळ्या टिपरूला ६६, म्हणजे खालचा टिंबाले; कडेच्या टिपरूला ६५, म्हणजे वरचा टिंबाले; दाबलेल्या घावाला ६२, म्हणजे दाबलेला वरचा कोंगा; काडीच्या फटक्याला ३७, म्हणजे साइड स्टिक; आणि तडतडाटाला ७४, म्हणजे लांब गुइरो, ज्याचा खरवडल्यासारखा आवाज ‘टर्र’च्या बराच जवळ जातो. घुमक्याच्या मोकळ्या घावाला ३६ व दाबलेल्याला ४१, कैताळाच्या मोकळ्या झणकाराला ४६ व मिटलेल्याला ४२, आणि लेझमीला ५४, म्हणजे टँबरीन. हा संच नसलेल्या संगणकावर वाजवून पाहिले. हलगी वाटत नाही, पण लय कळते आणि कोणता हात कोठे पडतो हेही कळते. एवढे पुरेसे आहे.

तक्ता वेगळ्या फाइलमध्ये साठवला, म्हणजे पुढच्या रचनेसाठी तो पुन्हा भरावा लागणार नाही.

१९ जानेवारी

ध्वनिमुद्रण केले आणि ते पूर्ण वाया गेले. कारण लिहून ठेवणे आवश्यक आहे.

आधी शिवाजी पेठेतील एका तालमीत मुद्रण करायचा विचार होता, परंतु तेथील भिंतींवरून प्रत्येक घावामागे गुंजन येत होते. प्लेबॅकसाठीचा आवाज कोरडा हवा. गुंजन नंतर घालता येते, काढता येत नाही. म्हणून पहाटे, घाण्याचे इंजिन सुरू होण्याआधी, मामांच्या गुऱ्हाळामागच्या मोकळ्या रानात बसलो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, माइक हलगीपासून साधारण दीड हात अंतरावर. पाच घाव, प्रत्येकी तीन जोरांत, प्रत्येक जोराचे चार नमुने, असे साठ फटके घ्यायचे होते. मी क्रम असा लावला होता की आधी मोकळ्या टिपरूचे सगळे बारा, मग कडेचे बारा, मग दाबलेले, आणि शेवटी काडी.

मामांनी सुरुवातीला हलगी शेकून दिली होती. नदीकाठची पहाट, दव पडलेले, हवा ओली. बकऱ्याचे चामडे हवेतला ओलावा लगेच धरते आणि सैल होते. मी मध्ये मध्ये थांबून फायलींना नावे देत बसलो, त्यात वेळ गेला. घरी येऊन ऐकले तेव्हा पहिला ‘ढँग’ आणि शेवटचा ‘थप’ एकाच हलगीचे वाटेनात. शेवटचे फटके स्पष्टपणे खाली उतरले होते. मामांनी मध्येच एकदा “गार झालीया, शेकूया का?” असे विचारलेही होते आणि मी “आता थोडेच राहिले आहेत” म्हणून पुढे गेलो होतो. स्वरपट्टी संगणकावर उचलून पाहिली, परंतु चामडे सैल झाल्यावर केवळ उंची बदलत नाही, घावाची धारही जाते, आणि ती परत येत नाही.

२५ जानेवारी

पुन्हा मुद्रण केले. या वेळी क्रम बदलला: प्रत्येक फेरीत पाचही घाव तिन्ही जोरांत एकदा घ्यायचे, अशा चार फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीआधी हलगी शेकायची. नावे देण्याचे काम नंतर केले. एका फेरीला दोन मिनिटेही लागली नाहीत. त्यामुळे पाच घाव एकमेकांशी जुळतात, आणि फेऱ्याफेऱ्यांत जो थोडा फरक आहे तो उपयोगीच पडेल. घुमके आणि कैताळ यांचे मुद्रण दुपारी इंजिन बंद असताना उरकले.

३० जानेवारी

चार दिवस ध्वनिसंच बांधण्यात गेले. पॉलीफोन या मोफत प्रणालीत साउंडफाँट, म्हणजे मुद्रित नमुने क्रमांकांना जोडणारी ध्वनिफाइल तयार केली. तालवाद्यांसाठी साउंडफाँटमध्ये १२८ क्रमांकाची बँक असते. तीत हलगी, घुमके आणि कैताळ असे तीन प्रीसेट, म्हणजे निवडता येणारे वाद्यसंच ठेवले. कामाच्या ओघात चार बाबी महत्त्वाच्या ठरल्या.

पहिली बाब नमुन्याच्या सुरुवातीची शांतता. काही नमुन्यांत घावाआधी १५ मिलिसेकंद शांतता राहिली होती, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला ७२० नमुनाबिंदू. ऐकताना ती कळत नाही. परंतु १४० च्या लयीत एका मात्रेचा चौथा भाग १०७ मिलिसेकंदांचा असतो, आणि त्यातले १५ गेले की हलगी ट्रंपेटच्या मागे रेंगाळल्यासारखी वाटते. प्रत्येक नमुना लाट मोठी करून पाहत घावाच्या पहिल्या उसळीशी कापला.

दुसरी बाब शेपटाची. कागदावरची नोट छोटी असली की सॉफ्टवेअर ती लवकर संपवते आणि आवाजही तेथेच तुटतो. वाद्यावर तसे होत नाही. टिपरू उचलले तरी चामडे घुमत राहते. म्हणून घावांच्या नमुन्यांना लूप दिला नाही आणि आवाज विरण्याचा काळ भरपूर लांब ठेवला, म्हणजे सोळाव्या भागाची नोट लिहिली तरी ‘ढँग’ पूर्ण वाजतो. तडतडाटाला नेमके उलटे करावे लागले: त्याचा नमुना तीन सेकंदांचा आहे आणि नोट संपताच तो थांबायला हवा, म्हणून विरण्याचा काळ अगदी आखूड.

तिसरी बाब एकमेकांना तोडणाऱ्या आवाजांची, आणि ती मला सर्वांत समाधान देऊन गेली. मोकळे कैताळ झणकारत असताना वादक ते मिटतो तेव्हा झणकार तेथेच थांबतो. पण दोन स्वतंत्र नमुने असतील तर मिटल्यानंतरही पहिला झणकार वाजतच राहतो. साउंडफाँटमध्ये यासाठी ‘एक्सक्लुझिव्ह क्लास’ नावाची सोय आहे. एकाच प्रीसेटमधील ज्या नमुन्यांना एकच वर्गक्रमांक दिला, त्यांपैकी नवा सुरू होताच जुना थांबतो. कैताळाचे दोन्ही आवाज एका वर्गात घातले. हलगीचे ‘ढँग’ आणि ‘थप’ही एका वर्गात घातले, कारण बोटे टेकली की आधीची घुमणी मरते. काडीला मात्र बाहेर ठेवले; ती टिपरूचा नाद तोडत नाही, त्याच्यावर बसते.

चौथी बाब जोराच्या थरांची: १ ते ५५ मृदू, ५६ ते ९५ मध्यम, ९६ ते १२७ जोरकस. नमुना ज्या क्रमांकावर ठेवला त्याच क्रमांकाला मूळ स्वर म्हणून नेमला, म्हणजे तो ताणला किंवा आकसला जात नाही.

३ फेब्रुवारी

घावांखाली मामांची अक्षरे गीताच्या ओळीसारखी टाकली. मूळ मजकुराच्या फाँटमध्ये देवनागरी नसल्याने संगणक आपल्या मनाने दुसरा फाँट घेत होता आणि एका संगणकावरची जोडाक्षरे दुसऱ्यावर वेगळ्या रुंदीची दिसत होती. शैलीच्या मांडणीतच मुक्ता फाँट नेमल्यावर ते थांबले. सगळ्या बारांखाली अक्षरे टाकली तर सोळाव्या भागांच्या ओळी फार पसरतात आणि पान उलटावे लागते. म्हणून प्रत्येक नव्या चालीच्या पहिल्या दोन बारांखालीच अक्षरे ठेवली.

८ फेब्रुवारी

मामांना तालमीत बोलावून पूर्ण रचना स्पीकरवर ऐकवली. दोन हलग्या डावीकडे-उजवीकडे वाटून दिल्या होत्या आणि आवाज खरोखर त्यांच्याच हलगीचा होता. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाले, “हलगी माझीच हाय, खरं वाजवतंय कोण? हे मोजून वाजवतंय बघा.”

त्यांच्या म्हणण्यात दोन वेगळ्या गोष्टी होत्या, हे नंतर पुन्हा ऐकताना उमगले. एक म्हणजे ओळीने येणारे चार ‘ढँग’ हा चार वेळा वाजलेला एकच नमुना होता. माणसाचे चार घाव तंतोतंत सारखे कधी पडत नाहीत. दुसरी गोष्ट लयीची. मी मात्रेचे चार समान भाग लिहिले होते, आणि मामा ते समान वाजवत नाहीत.

११ फेब्रुवारी

पहिल्या गोष्टीवर उपाय शोधला. साउंडफाँटमध्ये एकाच क्रमांकावर नमुने आळीपाळीने बदलण्याची सोय नाही. ती एसएफझेड या दुसऱ्या ध्वनिसंच पद्धतीत आहे, परंतु त्यासाठी प्रत्येक संगणकावर वेगळे प्लगिन बसवावे लागेल आणि शाळेच्या संगणकांवर ते शक्य नाही. मग तक्त्यात मोकळ्या टिपरूसाठी आणखी एक क्रमांक घेतला, त्याला तेच गोल डोके आणि तीच जागा दिली आणि दुसऱ्या फेरीतला नमुना लावला. लिहिताना दोन्ही आलटून पालटून टाकले. ऐकायला फार सुंदर वाटले. पहिल्यांदाच माणूस वाजवतो आहे असे वाटले.

तरीही संध्याकाळी ते काढून टाकले. कागदावर दोन्ही रूपे सारखीच दिसत असल्याने पुढे दुरुस्ती करणाऱ्याला कोणती नोट कोणत्या क्रमांकाची हे कळणार नाही. एखादा बार उचलून दुसरीकडे ठेवला तर पाळी मोडेल. आणि ध्वनिसंच नसलेल्या संगणकावर एकाआड एक घाव भलत्याच वाद्यावर वाजेल. आवाजाच्या सोयीसाठी लेखनात असा छुपा भेद ठेवणे मला योग्य वाटत नाही. मामांच्या हाताने जे एकाच रीतीने केले, ते तक्त्यात एकाच ओळीत असले पाहिजे. त्याऐवजी काही घावांचा जोर थोडा कमी-जास्त केला, त्यातही थरांच्या सीमेच्या आसपास, म्हणजे मध्येच मध्यम थराचा नमुना येतो. परिणाम पहिल्याच्या निम्माच साधला, पण तो प्रामाणिक आहे.

दुसऱ्या गोष्टीसाठी मामांचे मूळ मुद्रण लाटेवर मोजले. मात्रेच्या अर्ध्यात जे दोन छोटे घाव येतात, त्यांतला पहिला लांब आणि दुसरा आखूड असतो. हे प्रमाण समान भागांच्या पुढे, पण दोनास एक या तिप्पटीच्या प्रमाणाच्या बरेच अलीकडे आहे. तिप्पटीत लिहिले तर चाल झुलायला लागते आणि हलगीचा ताठा जातो. म्हणून लेखन समानच ठेवले आणि स्टाफवरील मजकुराला स्विंगची मांडणी जोडली: सोळाव्या भागांसाठी, आधी ६० टक्के, मग ५६. पन्नास म्हणजे अगदी समान. ५६ ला मी थांबलो, कारण त्याखाली फरक कळत नाही आणि त्यावर पाय घसरल्यासारखा वाटतो. ही मांडणी फक्त हलगी आणि घुमक्याच्या ओळींना लावली. ट्रंपेट समानच वाजवतात. दोन्ही एकत्र ऐकताना हलगी बँडच्या अंगावरून पुढे सरकते आहे असा भास होतो, आणि मैदानात उभे राहिल्यावर मला तोच जाणवत आला आहे.

लय ११२ वरून १४० पर्यंत चढवण्यासाठी शेवटच्या २४ बारांवर सलग लयबदलाची रेघ घातली. कागदावर ‘लय चढवत’ असे लिहिले.

१७ फेब्रुवारी

बँड शिकवणारे शिक्षक दुसरे सॉफ्टवेअर वापरतात, म्हणून त्यांच्यासाठी म्यूझिकएक्सएमएल फाइल, म्हणजे वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारे लेखन काढले. या फाइलमध्ये तालवाद्याच्या नोटेला स्वर नसतो; दिसण्याची पायरी व सप्तक वेगळे आणि वाजणारा घाव वेगळा नोंदवलेला असतो. प्रत्येक घावाला स्वतःची ओळख असते आणि नोट त्या ओळखीकडे बोट दाखवते. मला ही रचना आवडली, कारण कागद आणि आवाज वेगळे आहेत हे येथे उघडपणे मान्य केलेले आहे.

घावांची नावे देवनागरीत करताना मी फाइल हाताने उघडली, आणि क्रमांक ‘चुकलेले’ दिसले म्हणून तेही बदलले. ते चुकलेले नव्हते. मिडीचे क्रमांक ० ते १२७ असे मोजतात, परंतु या फाइलमधील तालवाद्याचा क्रमांक १ ते १२८ असा मोजला जातो. त्यामुळे ६६ साठी तेथे ६७ असणे बरोबर होते. मी ६६ केल्यावर शिक्षकांकडे मोकळे टिपरू ६५ म्हणून, म्हणजे कडेच्या घावासारखे वाजले, आणि मिटलेले कैताळ तर ४१ वर जाऊन ढोलासारखे घुमले. त्यांचा फोन आला तेव्हा आधी मी ध्वनिसंचात दोष शोधत बसलो. सगळे क्रमांक एकाने वाढवून फाइल पुन्हा पाठवली, आता जुळते.

२२ फेब्रुवारी

आज शाळेच्या पटांगणात पहिली एकत्र तालीम झाली. हलगीचे पान ए-फोर आडव्या कागदावर, रेघांमधील जागा १.७५ ऐवजी २ मिलिमीटर करून छापले होते. वर कोपऱ्यात पाच घावांची ओळख दिली आहे: चिन्ह, हात आणि मामांचे अक्षर. साइड ड्रमच्या मुलाने ते पान दोनदा वाचले आणि तिसऱ्यांदा टिपरू-काडी मागून घेऊन पहिली चाल सावकाश वाजवून दाखवली. मामांनी त्याचा डावा कोपर थोडा वर उचलून दिला, एवढेच.

त्रिकोणाबद्दलची माझी शंका खरी ठरली नाही. ‘टर्र’ अक्षर खाली असल्याने कोणी अडले नाही. अडले ते चौकटीपाशी, कारण घाईत फुली आणि चौकट यांत गोंधळ होतो. ‘थप’साठी फुलीला वर्तुळ घालून पाहायचे, की डोके तसेच ठेवून वर दाबल्याची खूण द्यायची, हे पुढच्या छपाईआधी ठरवीन. तक्त्यात फक्त ६२ ची ओळ बदलावी लागेल.

दुसऱ्या हलगीच्या ओळीत मामांच्या जोडीदाराने दोन जागी घाव बदलायला सांगितले आहेत, बार १८ आणि बार ४१. त्यांच्या हलगीचे चामडे फायबरचे आहे आणि ते शेकावे लागत नाही, त्यामुळे तिचे मुद्रण थेट तालमीच्या मागच्या अंगणात होईल. तिला वेगळा प्रीसेट, क्रमांक मात्र तेच.